झोपायचे पैसे

एप्रिल सरत आला की आमच्या गल्लीत एकच प्रश्न फिरतो, "यंदा कुठं?" सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली उतरलेल्या बायका तो विचारतात, संध्याकाळी ऊन कलल्यावर अंगणात पाणी मारता मारता पुरुष विचारतात. नागपूरचं ऊन एव्हाना अंगावर धावून यायला लागलेलं असतं. दुपारी नळ सोडला तर गॅस न पेटवता चहा होईल असं पाणी येतं. पोरी डोक्यापासून नाकापर्यंत ओढणी गुंडाळून स्कूटरवरून जातात, सख्खी भाची शेजारून गेली तरी ओळखू येत नाही. माठात वाळा टाकून झाला, पन्हं करून झालं, खिडकीला ओली चादर बांधून झाली, तरी घर तापायचं ते तापतंच. मग माणसाला थंड हवेची स्वप्नं पडू लागतात. आणि थंड हवा, बापा, फुकट मिळत नाही.

आमच्या घरी या प्रश्नाचं वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं, "पाहू." हे उत्तर माझ्या नवऱ्याचं. मनोहर त्यांचं नाव. लिहिताना मी नावाने म्हणते, समोर अजून 'अहो'च. माणूस मूळचा उमरेडचा. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी खरेदी विभागात काढली. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर नट-बोल्टपासून फिनाइलपर्यंत सगळ्याचे भाव काढायचे, आणि तीन ठिकाणचं कोटेशन आल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. नोकरी संपली, पण कोटेशन सुटलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यासोबत साडी घ्यायला गेले तेव्हाच मला कळलं होतं की आपलं कसं होणार आहे ते. तीन दुकानं पालथी घातली, आणि शेवटी पहिल्या दुकानातली साडी घेतली. मधल्या काळात माझी चप्पल तुटली.

तरी आम्ही जायचो. दर मे महिन्यात नाही, पण दोन-तीन वर्षांनी एकदा पचमढी नाहीतर चिखलदरा व्हायचंच. बसमधून उतरलं की मनोहर आम्हा मायलेकींना सामानासकट एखाद्या झाडाखाली बसवायचे आणि एकटे निघायचे. लेक प्राची तेव्हा लहान होती. ती बॅगेवर बसून चिवडा खायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं, "बेटा, कोणाची वाट पाहून राहिली?" की मोठ्या गंभीरपणे सांगायची, "बाबा कोटेशन आणायले गेले." बाबा या टेकडीवरून त्या टेकडीवर जाताना दिसायचे. कधी कधी इतका वेळ लागायचा, की आमचा अर्धा मुक्काम त्या झाडाखालीच व्हायचा.

परत यायचे ते घामाने निथळत आणि चिडलेले. "लूट चालू आहे! झोपायचे एवढे पैसे? आपल्या घरी आपण फुकट झोपतो का नाही? अन् डोळे मिटले का साऱ्या खोल्या सारख्याच वं!"

कप्पाळ! मग जी खोली मिळायची तिच्यात पंखा फिरायचा पण वारा यायचा नाही. मी सोबत आणलेल्या शेगडीवर मुगाची खिचडी लावायची. चादरी घरच्या, तांब्या घरचा, चहा-साखर घरची. कधी वाटायचं, फक्त भिंती तेवढ्या परक्या घेतल्या आहेत. मी चिडायची. माझीही नोकरी होती, पतसंस्थेच्या काउंटरवर दिवसभर उभी असायची मी. मलाही वाटायचं, चार दिवस कोणीतरी आयतं ताट समोर आणून ठेवावं. पण मनोहरांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही, आणि तिथेच माझी पंचाईत व्हायची.

कारण आमचं घरच तसं आहे. स्वतःच्या प्लॉटवर हळूहळू बांधलेलं, एक खोली या वर्षी, दुसरी त्या वर्षी. तांदूळ कुहीहून येतो, माझ्या भावाच्या शेतातला. लग्न झाल्यापासून मी तांदूळ विकत घेतलेला नाही. भाजी दारात येते, लिंबं शेजारच्या झाडाची, गहू एकदाच वर्षाचा भरून ठेवायचा. अशा घरातून उठून माणूस हॉटेलात जातो आणि तिथे साध्या भाताच्या वाटीपुढे आकडा छापलेला बघतो, तेव्हा त्याला भूक लागत नाही, राग येतो. भाताला कोणी पैसे घेतं का!

प्राची शिकली, बंगलोरला नोकरीला लागली. एका खोलीच्या घराला ती जे भाडं देते त्यात आमचं सगळं घर चालतं, वर पाहुणे येऊन जेवून जातात. पहिल्यांदा तिने भाडं सांगितलं तेव्हा मनोहर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. "त्यात जेवण असते ना?" नसतं म्हटल्यावर परत बसले. तीच प्राची आता हॉटेलचे भाव बघते आणि म्हणते, "आई, इतकं स्वस्त? नक्की बरं असेल ना?" ज्या आकड्याने बापाला घाम फुटतो त्याच आकड्याने लेकीला संशय येतो. मी दोघांच्या मधे बसते आणि गंमत बघते. हॉटेलवाल्याने भाव एकच लिहिलेला असतो हो, पण वाचणारा आपापल्या घरून निघालेला असतो. तिचं शहर तिला रोजच पिळून काढतं, म्हणून तिला सुट्टी स्वस्त वाटते. आमचं गाव आम्हाला लाडात ठेवतं, म्हणून आम्हाला बाहेरची प्रत्येक उशी महाग. बरं, यात शहाणं कोण हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते गेल्या उन्हाळ्याबद्दल.

त्याआधीच्या हिवाळ्यात मनोहरांच्या छातीत दुखलं. दवाखाना, ऑपरेशन, सगळं झालं. देवाच्या दयेने निभावलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आता ठणठणीत आहे. घरी आलो. जखम भरली, चालणं सुरू झालं, जेवण पथ्याचं पण वेळेवर. येणारे-जाणारे म्हणायचे, "वा, तब्येत सुधारली की!" मी हसून चहा द्यायची. मला मात्र दिसत होतं की हा माणूस घरी आलाच नाही. खुर्चीत बसायचा तो दुसराच कोणीतरी होता. वर्तमानपत्र उलटं धरलं तरी त्याला कळलं नसतं. मी नवीन पडदे आणले, मुद्दाम महागातले. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "छान आहेत." केवढ्याला, हे विचारलं नाही.

आमच्या गल्लीत कांताबाई भाजी घेऊन येते. मनोहर आणि तिचं भांडण म्हणजे रोजचा कार्यक्रम. त्या भांडणावर आम्ही घड्याळ लावायचो. एका सकाळी तिने मला फाटकाशी थांबवलं आणि हळूच विचारलं, "ताई, साहेबाले बरं नाही का अजून?"

"बरे आहेत की. काहून वं?"

"काल वांग्याचा भाव मी मुद्दाम दुप्पट सांगतला. म्हटलं, भांडतील. त्यायनं काही न बोलता पैसे देल्ले अन् घरात निघून गेले. मले तर कसंच झालं." पदराच्या गाठीतून तिने जास्तीचे पैसे काढून माझ्या हातात ठेवले. "हे घ्या. असे पैसे नाही पचत, ताई."

मी तिथेच फाटकाला धरून उभी राहिले. मनात जे इतके दिवस घोळत होतं, ते या बाईने उघडं करून टाकलं होतं. भाव कोण करतो? ज्याला उद्याची काळजी असते तो. दोन पैसे आज वाचवले तर पुढे कामी येतील असं ज्याला वाटतं, तो घासाघीस करतो. माझ्या नवऱ्याने भाव करणं सोडलं होतं, म्हणजे त्याने पुढचं सगळंच सोडून दिलं होतं. मला भीती वाटली. ऑपरेशनच्या दिवशी वाटली नव्हती इतकी. तेव्हा निदान डॉक्टर होते, मशीन होत्या, काहीतरी चाललं होतं. आता घरात सगळं शांत होतं आणि माणूस माझ्यासमोर विझत चालला होता.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "हवापालट करा. मन जरा रमेल." मी प्राचीला फोन केला. म्हटलं, पचमढीला हॉटेल बघ. तिने विचारलं, "कसं बघू?" मी म्हटलं, "महाग बघ." ती म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?"

माझा डाव साधा होता. संध्याकाळी चहा देताना मी भाडं सांगितलं, मोठ्याने, स्पष्ट. एका रात्रीचं. एरवी असा आकडा ऐकला असता तर कपबशी हातातून पडली असती, मग तासभर व्याख्यान झालं असतं, मग शेजाऱ्यांना बोलावून सांगणं झालं असतं. मनोहरांनी घोट घेतला. "हं. ठीक आहे."

मी स्वयंपाकघरात येऊन नुसतीच ओट्याशी उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या.

गेलो. प्राची बंगलोरहून आली आणि आम्ही गाडीने पचमढीला पोचलो. हॉटेल म्हणजे काय वर्णावं! पलंग असा की बसलं तर माणूस गडप. न्हाणीघर आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठं. उशा इतक्या की झोपायच्या आधी त्या कुठे ठेवायच्या हाच प्रश्न. बाहेर सालाची झाडं, गार वारा, लांबवर मोराचं ओरडणं. मनोहर गॅलरीत खुर्ची टाकून बसले ते बसलेच. सकाळी खाली नाश्त्याला टेबलंच्या टेबलं मांडलेली असायची. ते एक इडली घ्यायचे आणि तिचे तुकडे करत बसायचे.

आणि गंमत काय झाली, त्यांनी सोडून दिलेला हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला. जेवायला बसले की मला कुहीच्या शेतातले बांध दिसायचे. जिऱ्याची फोडणी दिली म्हणून भाताचे एवढे? पाण्याची बाटली उघडताना माझा हात अडखळायचा. उशा बघून वाटायचं, एवढ्या उशांचे पैसे आपणच देतोय. मी प्राचीजवळ कुरकुर केली तर ती म्हणाली, "आई, तू बाबा होऊन राहिली आहेस." आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. घरात कोणीतरी ते काम करायला हवं होतं ना.

मग ती पिशवी आली.

म्हणजे आली काय, कपाटातच होती. पांढरी, कापडी, नाडीची. आमच्या घरी न्हाणीघराच्या दारामागे मळक्या कपड्यांची पिशवी टांगलेली असते. मला वाटलं, किती समजूतदार लोक आहेत, मळके कपडे ठेवायला पिशवी दिली. दोन दिवसांचे सगळ्यांचे कपडे मी तिच्यात कोंबले. मनोहरांची बनियनं, पायजमा, रुमाल, माझे परकर, प्राचीचे मोजे. घरी नेऊन धुवू म्हटलं. आम्ही फिरून आलो तर पिशवी गायब. मला वाटलं, प्राचीने बॅगेत टाकली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. हॉटेलचा माणूस उभा. त्याच्या हातात हँगर, हँगरवर मनोहरांचं बनियन. कडक इस्त्री केलेलं, वरून पातळ प्लास्टिक चढवलेलं. त्याच्यामागे दुसरं बनियन. त्याच्यामागे माझा परकर, तोही हँगरवर. रुमाल एका चकचकीत पाकिटात, मिठाईसारखे मांडलेले. मोज्यांची वेगळी पुडी. आणि तबकात धुलाईचं बिल.

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. बिल मी पटकन उचलणार, तोच गॅलरीतून मनोहर आत आले. त्यांनी चष्मा लावला. बिल हातात घेतलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग बनियनाकडे बघितलं.

"हे काय आहे?"

हॉटेलचा माणूस नम्रपणे हसत उभा.

"बनियन धुवायचे एवढे?" आवाज जरा चढला. "एका बनियनाचे? एवढ्यात बर्डीच्या बाजारात दोन नवी येतात! अन् हे पाह्य, हे पाह्य, काखेत फाटकं आहे! फाटक्या बनियनले इस्त्री केली यायनं! कोणी सांगतलं होतं? काहून केली?"

"सर, ऐका तर..."

"तू थांब गा." आणि हा माणूस, जो चार महिने कोणाशी धड बोलला नव्हता, पायात स्लिपर सरकवून, विस्कटलेल्या केसांनी, एका हातात बिल आणि दुसऱ्या हातात हँगरवरचं बनियन घेऊन जिना उतरायला लागला. प्राची मागे धावली. मी जिन्याच्या कठड्याशी उभी राहून ऐकत होते. खाली रिसेप्शनवर सगळे लोक वळून बघत असणार. मनोहरांचा आवाज खणखणीत वर येत होता, खरेदी विभागातला, जुना, माझ्या ओळखीचा.

"भैया, इस बनियान की उमर देखी क्या आपने? लड़की की इंजीनियरिंग के टाइम का है ये! इसकी धुलाई का रेट आपने किस हिसाब से लगाया? परकर का और बनियान का एकही रेट कायको? कपडा तो देखो, कितना फरक है!"

मी खोलीत परत आले, न्हाणीघरात शिरले, नळ मोठा सोडला आणि रडले. काय सांगू, इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नसेल. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर येऊन "सगळं व्यवस्थित" म्हणाले तेव्हाही नाही. छातीवरचा दगड उतरला असं आपण सहज बोलून जातो. तो उतरतो तेव्हा खरंच श्वास खोल जातो, पोटापर्यंत जातो. ज्या स्वभावापायी मी तीस वर्षं झाडाखाली बसून कुढले, चप्पल तोडून घेतली, शेगडी वाहिली, तोच स्वभाव खाली चारचौघांत आमची शोभा करत होता, आणि मी नळाखाली तोंड धुताना देवाला म्हणत होते, चालू दे रे बाबा, असंच चालू दे.

बऱ्याच वेळाने ते वर आले. चेहरा लाल, डोळ्यांत चमक. "रुमालाचे काढून टाकले त्यायनं," जग जिंकल्यासारखं म्हणाले. "मोज्याचेही काढत होते, पण म्हटलं जाऊ द्या, त्यांचीही मेहनत आहे." मग पलंगावर बसले, खोलीभर नजर फिरवली, जणू आत्ताच आत आले होते. "भल्लीच मोठी खोली आहे वं ही. किती भाडं म्हणाली होती तू?"

मी सांगितलं. तेव्हा जे व्हायचं होतं ते सगळं झालं. ते उभे राहिले, कपाळाला हात लावला, मला वेड्यात काढलं, लेकीला वेड्यात काढलं, बंगलोरला वेड्यात काढलं. "अन् त्यात काय काय येते?"

"नाश्ता येतो," प्राची म्हणाली.

"नाश्ता भाड्यातच आहे? मग मी दोन दिवस एकच इडली काहून खाऊन राहिलो? सांगितलं काहून नाही मले?"

उरलेले दिवस असे गेले की विचारू नका. सकाळी सगळ्यात आधी आम्ही नाश्त्याला. पथ्य सांभाळून जेवढं खाता येईल तेवढं, फळं तर दोनदा. दुपारी न्हाणीघरात स्वतः बसून कपडे धुतले आणि त्या देखण्या गॅलरीत दोरी बांधून वाळत घातले. शेजारच्या खोलीतलं पुण्याचं जोडपं बघतच राहिलं. मनोहरांनी त्यांनाही थांबवून विचारलं, तुम्ही काय भावाने घेतली खोली? त्यांनी सांगितला तो आकडा आमच्यापेक्षा जास्त निघाला. त्या आनंदात मनोहर संध्याकाळी पायी पायी सूर्यास्त बघायला गेले. प्राची आणि मी मागे राहिलो, ते पुढे. डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा किती तरी जास्त चालले ते.

आता पुन्हा ऊन तापलं आहे. गल्लीत प्रश्न फिरू लागला आहे. सुट्टीत माणूस घरापासून लांब जातो म्हणे. मला नाही तसं वाटत. आपण जातो, पण घराचा काटा सोबत घेऊन जातो आणि तिथलं सगळं त्यात तोलत बसतो. पूर्वी मला याची चीड यायची. आता वाटतं, तोलू दे. ज्याला परतायला घर आहे असं वाटतं, तोच तोलतो.

परवा दुपारी मी आडवी पडले होते. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बाजूच्या खोलीतून मनोहरांचा आवाज येत होता, चिखलदऱ्याच्या कुठल्या तरी हॉटेलवाल्याशी फोनवर जुंपली होती. "दरीकडच्या खोलीचे जास्त काहून जी? दरी काय तुम्ही खोदली का? आम्हाले बिनादरीची द्या. दरी आम्ही बाहेर जाऊन पाहून घेऊ." कूलरच्या घरघरीत पुढचं काही नीट ऐकू येईना. मी उठले आणि भर मे महिन्यात, भर दुपारी, कूलर बंद केला.